काठ कापलेला डोंगा

माझा भाऊ वारला तेव्हा गावच्या शाळेत शोकसभा झाली. एकानं भाषणात सांगितलं की त्यानं चंद्रावर रॉकेट पाठवलं. हे खोटं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, पण भाऊ काय काम करत होता ते मी त्यालाच विचारून घेतलं होतं. दक्षिणेकडं समुद्राकाठच्या एका कारखान्यात तो इंजिनियर होता. रॉकेटाचे तयार भाग त्याच्याकडं येत. तो ते हलवायचा, तापवायचा, दाबायचा. मोडेपर्यंत.

"म्हंजे तू तोडत होता," मी म्हटलं.

"हो बाई. तोडाचाच पगार भेटे."

"मंग एवढं शिकाले कायले पाह्यजे? माहा बैल फुकट तोडते."

"बैल तोडते, पण काऊन तुटलं ते सांगत नाई," तो म्हणाला.

आम्ही तलावावर जगणारी माणसं. मासोळी, शिंगाडा आणि थोडं धान. आमच्या घरातून एवढा शिकलेला तोच पहिला आणि बरीच वर्षं तोच शेवटचा. त्याला चहा करता येत नव्हता, बोलणं कमी आणि घोरणं फार. पण बाप म्हणून त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही.

त्याला एकच मुलगी. लहानपणी ताप आला आणि तिचे दोन्ही पाय गेले. शहरात ते वरच्या मजल्यावर राहत. भाऊ तिला पाठीवर घेऊन जिना उतरायचा, शाळेत सोडायचा, मग कामावर जायचा. कॉलेजपर्यंत हेच चाललं. भावजय वारली तेव्हा त्याची नोकरी थोडीच उरली होती. रिटायर झाल्यावर तो मुलीला घेऊन गावी आला. अहेरीच्या बाजारात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या नव्या नव्या लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट.

घर आईचं जुनंच, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. एकदा मुलीला ओट्यावरून उतरवताना भावाचा गुडघा मुडपला. दोघं पडता पडता वाचली. मुलीला हातानं चालवायच्या तीनचाकी सायकलवर बसवून तो माझ्याजवळ आला. मी मासोळ्या साफ करत होते.

"बाई, माह्यामागं इले कोण उचलंल?"

"मी तुह्याहून मोठी आहो," मी म्हटलं. "मले नको धरू हिशेबात."

गोड बोलून त्याची काळजी जाणार नव्हती. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मला दिसत होतं.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडं शिंगाडा निघतो. बाया छोट्या डोंग्यात बसून वेलीत शिरतात, पानांचा झुबका उलटा करतात आणि खालचे शिंगाडे तोडतात. काटे बोटांत जातात, कंबर धरते. भाची पाळीवर सायकल लावून दिवसभर पाहत बसायची. एक दिवस जेवताना ती बापाला म्हणाली, "बाबा, या कामात पाय लागतच नाहीत. सगळ्या बसूनच आहेत. मला हे करायचंय."

मला वाटलं तो नाही म्हणेल. त्यानं हात धुतले आणि पाळीवर जाऊन डोंगे पाहत उभा राहिला.

आमचे डोंगे झाडाचं खोड कोरून केलेले, अरुंद. अंग थोडं वाकडं झालं की उलटतात. त्यानं मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतून नावा बांधणारा एक मिस्त्री आणला. दोघांनी लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकला, पुढं-मागं झाकणं पक्की केलेले रिकामे डबे बसवले. डोंगा पाण्यात उतरवला तेव्हा सगळं गाव पाळीवर. भावानं त्यात रेतीची पोती ठेवायला सुरुवात केली. एक ठेवलं, दुसरं ठेवलं, ठेवतच गेला. काठावरून पाणी आत आलं आणि डोंगा भरला.

"रॉकेटवाल्याचा डोंगा बुडला!" पोरं ओरडली.

"पेन्शन पाण्यात गेली, भाऊ!" कोणी म्हातारा म्हणाला.

भाऊ छातीभर पाण्यात उभा राहून हसत होता. त्यानं पोती एकेक करून काढली. पाण्यानं भरलेला डोंगा डब्यांच्या जोरावर वर येऊन तरंगत राहिला. "किती वजनानं बुडते ते समजलं," तो म्हणाला. लोकांना मजा वाटली ती बुडण्याची. नंतरचं तरंगणं कोणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भाची आत बसली. डोंगा मुळीच हलेना, जणू पाण्यावर खाट टाकली. तिनं हात खाली घातला. काठ काखेपर्यंत आला आणि बोटं पाण्याला लागेनात. बापानं काठ एवढे उंच केले होते की ती पडूच नये.

"बाबा, यात मी नुसती बसू शकते," ती म्हणाली. "बसायला घरी खुर्ची आहे."

भाऊ त्या दिवशी नीट जेवला नाही. भाजी खारट झाली का म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "काठ मी तिच्यासाठी नाई ठेवले बाई. माह्यासाठी ठेवले."

सकाळी कातर घेऊन त्यानं स्वतः पत्रा कापला. कापलेली कड वळवून घेतली, हाताला लागू नये म्हणून. आता बोटं पाण्यात पोचत होती आणि डोंगाही उलटू शकत होता.

तेव्हा त्यानं तिला उलटायला शिकवलं. कंबरभर पाण्यात आधी स्वतः डोंग्यात बसून तो उलटा केला, म्हातारपणी. मग तिला बसवलं आणि उलटा केला. ती पाणी प्याली, खोकली. बायांनी आरडाओरड केली. मीही ओरडले, "पोट्टीले माराले आणलं का गावात?"

"पडल्यावर का कराचं ते पडूनच समजते, बाई. तू चूप राह्य."

सायकलचे दांडे फिरवून तिचे दंड माझ्या जावयापेक्षा मजबूत झाले होते. ती काठ धरायला शिकली, उताणी तरंगायला शिकली. मग एक दिवस तिनं न सांगताच डोंगा उलटवला आणि बापाला म्हणाली, "तुम्ही किनाऱ्यावर थांबा." तो थांबला. दोन्ही हात पाठीमागं धरून ठेवले होते. ते हात धरून ठेवणं त्याला रॉकेटापेक्षा जड गेलं असेल.

पहिल्या वर्षी तिनं थोडेच शिंगाडे तोडले, तेही निम्मे कोवळे. बायांनी चिडवलं, "इंजिनियरची पोरगी दूध पितं पोट्टं तोडून राह्यली!" पुढच्या वर्षापासून तीच नव्या सुनांना चिडवू लागली. तिच्या बोलण्यात आमची बोली आली. हातांना आमच्यासारख्याच चिरा पडल्या. भाऊ तिला सायकलवरून उचलायचा थांबला, कारण पाळीवरून पाण्यापर्यंत टाकलेल्या फळ्यांवरून सरकत ती स्वतःच डोंग्यात जायची.

काही वर्षांनी तो गेला, ऐन शिंगाड्याच्या दिवसांत. सकाळी उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी बाया भेटायला आल्या. भाची समोर बसलेली असताना एक म्हणाली, "बाप होता तं होता. आता इले कोण पाह्यल व बाई?"

भाची तलावाकडं पाहत होती. "आत्या," ती म्हणाली, "मले डोंगा काढाचा आहे."

"सुतकात?" ती बाई म्हणाली.

"शिंगाडा पिकला. आज नाई तोडला तं गळून चिखलात जाईल."

ती सायकल घेऊन निघाली. मी मागं गेले. फळ्यांवरून सरकत ती डोंग्यात बसली. बूड चिखलात रुतलं होतं, म्हणून मी लुगडं खोचून पाण्यात उतरले आणि ढकललं. एकदाच. पुढं तिनं वल्ह्यानं नेलं. वेलीजवळ पोचल्यावर तिनं तोंड धुतलं, बराच वेळ. मग पानं उलटायला लागली.

घरी आले तर बाया बसूनच होत्या. मघाच्या बाईला मी दारात बोलावलं आणि तलावाकडं हात केला.

"दिसते का?" मी विचारलं.

"दिसते."

"मंग बस. चहा ठेवतो."