चूलबंद आवतण

मला एक खोड आहे. कुणी जेवायला बोलावलं, की निघण्याआधी मी घरीच चार घास खाऊन घेतो. पंगतीला उशीर होतो, तिखट जास्त असतं, माझं पित्त खवळतं. कारणं माझ्याकडे तयार असतात.

देवाच्या घरीही माझं असंच चाललं होतं. भवानीनगरहून दर रविवारी वडिलांना घेऊन बारामतीच्या चर्चमध्ये जायचो, गाणी मोठ्यानं म्हणायचो. पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याची, वेळ आली की बाकावरच बसून राहायचो. त्यासाठी लागणारा दृढीकरणाचा विधी तरुणपणीच झालेला, अडवणारं कुणी नव्हतं. वडील एकटेच पुढे जाऊन गुडघे टेकायचे. "माझ्या डोळ्यादेखत येकदा शेजारी ये," एवढंच त्यांचं मागणं. मी म्हणायचो, "साखर कारखान्याचा हंगाम चालू आहे, मन थाऱ्यावर नाही. संपला की बघू." हंगाम संपायचे, मी बाकावरच. शुभवर्तमानातल्या मोठ्या जेवणाच्या दाखल्यात आमंत्रण आल्यावर एकाला शेत बघायचं असतं, एकाला बैल, एकाचं नुकतंच लग्न झालेलं असतं, आणि कुणीच जात नाही. वडील तो वाचताना माझ्याकडे मुद्दाम बघायचे नाहीत. तेच मला जास्त लागायचं.

एका हिवाळ्यात शेळगावच्या आबांनी, वडिलांच्या जुन्या दोस्तानं, नातवाच्या जावळाचं आवतण दिलं. स्वतः आले, थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "चूलबंद हाय बरं का." म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी काही शिजवायचं नाही, झाडून सगळ्यांनी त्यांच्याकडेच जेवायचं. वडिलांनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही. मी मात्र आदल्या दिवशीची पोळीभाजी गुपचूप खाऊन निघालो.

पंगतीत अर्ध्या भाकरीवरच मी ताटावर हात आडवा धरला. रश्श्याची बादली घेऊन आबा समोर थांबले. "का रं? बरं न्हाय व्हय?" मी खरं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आला नसतास तर पुन्यांदा बोलवाय आलो असतो," ते म्हणाले. "पर घरनं जेवून आलेल्याला मी काय वाढू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, देवही इतकी वर्षं माझ्यासमोर असाच वाढायला उभा असेल. वडील शेजारी मन लावून जेवत होते. परतताना गाडीवर ते आबांच्या रश्श्याचंच कौतुक करत राहिले. मला आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा.

पुढचं प्रभुभोजन आलं तेव्हा कारखान्यात उसाचं गाळप ऐन भरात होतं. वडील उठले तसा मीही उठलो आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. पाळक भाकर घेऊन आधी वडिलांपाशी आले. वडिलांनी ओंजळ मागे घेतली. डोळ्यांना धार लागली होती. म्हणाले, "आधी ह्याला द्या. लई दिवसांचा उपाशी हाय."