पदवीचा झगा घालून बसमध्ये

पदवी हातात पडली त्या दिवशी मी तंजावरहून पापनाशमच्या बसमध्ये चढले. शेजारच्या सीटवरच्या बाई पदवीदानाचा काळा झगा अंगात तसाच ठेवून बसल्या होत्या. वय पन्नाशीपुढचं, केसांत मोगरा. कुणी वळून पाहिलं की त्या झग्याची बाही सारखी करत आणि ओळख असल्यासारख्या हसत.

मी फोनवर आईला सांगत होते, "पदवी मिळाली, पण नोकरीचं अजून काही नाही गं." फोन ठेवल्यावर त्या आमच्या तंजावरी मराठीत, तमिळमधलं लाडाचं 'कण्णु' मिसळत, म्हणाल्या, "मीही आजच बी.ए. झाले. तू पुढं काय करणार, कण्णु?"

"काहीच ठाऊक नाही," मी म्हणाले. आता उपदेश ऐकावा लागणार म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागले.

त्या मात्र खुशीत हसल्या. "बरंच आहे की. तुझ्या वयाला मला पुढचं सगळं ठाऊक होतं. नवरा कोण, घर कुठलं, चूल कुठली. ठाऊक नसण्याची मजा मला आत्ता मिळतेय."

त्यांच्या थांब्यावर नवरा मोपेड घेऊन उभा होता. "झगा काढ, चाकात अडकेल," तो म्हणाला.

"उद्या परत द्यायचाय, आज राहू दे," म्हणत मागे बसून त्यांनी घोळ मांडीवर गोळा केला. भातशेतांमधून मोपेड दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून पाहत राहिले.

घरी आईनं विचारलं, "एवढी खुशीत? नोकरी लागली की काय?"

"नाही लागली," मी म्हणाले, आणि ते सांगताना मला पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.