अमिनाबीचा हलका हात

वीस वर्षं अमिनाबीने बांगड्या भरल्या. सिंदेवाहीचा बाजार, वडशाला नाटकांचा हंगाम, मधली लग्नघरं. कितीही जाड हात असो, ती तळवा चोळायची, अंगठा आत दुमडायची, आणि माहेरची चौकशी संपेपर्यंत बांगडी मनगटावर. पुढे गुडघे आखडले, तेव्हा तिने चंद्रपूरच्या एका सोनोग्राफी केंद्रात बायांना टेबलावर चढवण्या-उतरवण्याचं काम धरलं.

२००६च्या पौषात वच्छलाबाई आल्या. मूत्रपिंडं निकामी झालेली. डायलिसिससाठी नागपूरला डाव्या मनगटाशी धमनीला शीर जोडून दिली होती. तिच्यातून रक्त पुरेसं वाहतं का, ते डॉपलरवर मोजायचं होतं.

"मागच्या वेळी मिनिटाला आठशे मिली होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज अडीचशे." त्यांनी हातातल्या प्रोबचा कोन बदलला, दाब कमी केला, पुन्हा मोजलं. दोनशे साठ. "शीर बंद पडत चाललीय, मावशी. नवीन करावी लागेल."

"आता कुठी करतील? उजव्या हाताची तं आधीच फसली."

अमिनाबी जेल पुसायला वाकली. कोपराखाली सारलेल्या स्वेटरच्या बाहीत बारीकशी किणकिण झाली. तिने लोकरीवरूनच चाचपलं. सहा बांगड्या मांसात रुतलेल्या.

"बाई, हे काय हाय?"

"मनगटावर काई घालू नको म्हणे डाक्टर. मंग वर सारल्या." वच्छलाबाईंचा आवाज खाली गेला. "बाहेर मालक बसले हायेत. ते असताना हात रिकामा ठेवू?"

"अहो, हे तर करकचून पट्टा बांधल्यासारखं झालं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त पुढे जाईल कसं? काढा आधी."

वच्छलाबाईंनी हात छातीशी घेतला. "नाई. शीर गेली तं गेली."

अमिनाबीने स्टूल ओढलं. "बाई, मी मनियारीण. चुडा कसा भराचा ते मले शिकवता काऊन? डाव्याच्या बांगड्या उजव्याले देऊ. एक इकडून काढू, एक तिकडे भरू. फुटली एकही, तं माह्या नावानं बोंबला."

"असं चालते?"

"मी भरून देऊन राह्यली ना!"

असं तिने जन्मात कधी केलं नव्हतं. साबणाऐवजी तिने जेल घेतलं. जोडलेल्या शिरेवरून एकेक काच तरंगत यावी तशी आणली; खाली शीर थरथरत होती. डॉक्टरीणबाई दिवा धरून उभ्या होत्या.

सहावी उजव्या हातात गेली. डाव्या हातावरचे लाल वळ फिके होईपर्यंत थांबून पुन्हा मोजलं. सातशे ऐंशी.

"शीर चांगली आहे, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मघाचा आकडा त्यांनी खोडून टाकला.

दारातून अमिनाबीला दिसलं: बाकावरचे गुणवंतराव बायकोचा मोकळा डावा हात पाहून दचकून उठले. वच्छलाबाईंनी उजवा हात त्यांच्या कानाशी नेऊन वाजवला.

"इथी हायेत साऱ्या. चला, भूक लागली."