ऑटर्सनी थिबोला घेतलं तेव्हा

केटल पोर्टेज गावात व्हर्ना कोस्किनेनचा आवाज ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण. जन्मभर तिने शाळेची पिवळी बस चालवली. मागच्या बाकावर कुणी कुणाची टोपी खिडकीबाहेर भिरकावायच्या बेतात असलं, की पुढून एकच हाक यायची आणि टोपी मुकाट्याने मालकाच्या डोक्यावर परत जायची. तोच आवाज शनिवारी संध्याकाळी आइस हॉकीच्या रिंकमध्ये घुमायचा. गावाबाहेरून आलेले पंच तिला पंच्याण्णव टक्के वेळा चुकीचे वाटत, आणि उरलेल्या वेळी ते चुकून बरोबर निघाले असं तिचं म्हणणं असे.

ऑटर्स हा गावचा हॉकी संघ. कुणी कागदाच्या गिरणीतला, कुणी सुतार, कुणी ओंडक्यांचे ट्रक हाकणारा. दिवसभर काम करायचं आणि संध्याकाळी बर्फावर उतरायचं. व्हर्नाचा नवरा टोइवो गिरणीतच होता. लग्नाआधी त्याने तिला पहिल्यांदा कुठे नेलं असेल तर या रिंकवर. पुढे फुप्फुसाच्या दुखण्याने तो गेला, पण तिने आपल्या शेजारची त्याची जागा कुणाला बसायला दिली नाही. तिथे ती आपला कोट ठेवी.

मार्टी हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, त्याच्या काठीला डिंकाने चिकटवल्यासारखी राहायची. विशीतच तो ऑटर्सचा सगळ्यात जास्त गोल करणारा खेळाडू झाला, आणि एका वर्षी त्याच्या जोरावर संघ लॉझन मिल्सविरुद्धच्या अंतिम फेरीत पोचला. लॉझन मिल्स म्हणजे नदीपलीकडचं गाव, पिढ्यान् पिढ्यांचं वैर. त्यांच्याकडे मधल्या जागेवर खेळणारा रेजान थिबो नावाचा सेंटर होता. गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. समोरच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या माणसाला खेळू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. मार्टी उजवीकडे गेला की थिबो उजवीकडे, डावीकडे गेला की थिबो डावीकडे. सगळ्या फेरीत मार्टीला एकही गोल करता आला नाही. चषक नदीपलीकडे गेला. त्या वसंतात मार्टीने बॅग भरली, अल्बर्टात तेलाच्या कामावर निघून गेला, आणि पायात पुन्हा स्केट्स म्हणून घातले नाहीत.

"माझा मुलगा त्या थिबोने पळवला," असं व्हर्ना विचारेल त्याला सांगायची. न विचारेल त्यालाही सांगायची.

तर त्या अंतिम फेरीला दहा-बारा वर्षं झाली असतील. व्हर्ना निवृत्त होऊन मर्लीनच्या कॉफीच्या दुकानात सकाळी बसू लागली होती. एका सप्टेंबरच्या सकाळी ओरेस्त ह्रिंचुक टोपी हातात घेऊन आत आला. ओरेस्त टोइवोचा गिरणीतला जोडीदार, आणि गावातली प्रत्येक बातमी आपणच आधी सांगायची असा त्याचा हट्ट.

"ऐकलंत का? ऑटर्सनी थिबोला घेतलं!"

"कुठला थिबो?" मर्लीनने विचारलं.

"कुठला काय कुठला! रेजान थिबो. लॉझन मिल्सने सोडला, आपल्या ग्लेनने उचलला."

व्हर्नाने कप खाली ठेवला. दुकानातल्या चार-पाच माणसांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"अरे, अडतीस वर्षांचा आहे तो! वळायला लागला की मालवाहू जहाज वळतंय असं वाटतं."

"वळायचंय कशाला त्याला? फेस-ऑफला पंचाने टाकलेला पक ओढायचा आणि गोलसमोर उभं राहायचं."

"गेल्या वर्षी गोल किती केले त्याने? बोटांवर मोजून बोटं उरतील."

"गोल करायला नाही रे बाबा, गोल अडवायला घेतलाय!" ओरेस्तने टेबलावर हात आपटला. "गेल्या हंगामात जिंकत आलेले किती सामने आपण शेवटच्या पाच मिनिटांत घालवले? आपल्या पोरांना पुढे पळता येतं, मागे फिरून बघता येत नाही. असा एक खडूस माणूस मधे लागतोच."

"खडूस पाहिजे होता तर माझ्या सासूला घ्यायचं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

व्हर्ना हसली नाही. "ओरेस्त, टोइवो असता तर त्याच्यासमोर हे बोलला असतास?"

"अगं व्हर्ना, खेळ आहे हा. घरचं भांडण नव्हे."

"तुझं नसेल. माझं घरचंच आहे," असं म्हणून तिने कोट उचलला आणि ती थेट ग्लेन पेलकीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली.

ग्लेन ऑटर्सचा व्यवस्थापक. लहानपणी तिच्याच बसने शाळेत जायचा. तिला दारात पाहताच तो खिळ्यांच्या खोक्यांमागे सरकला.

"मिसेस कोस्किनेन, मी आज तुम्हाला फोन करणारच होतो..."

"थापा मारू नकोस. तुला माझा नंबर ठाऊक आहे, आणि मी घरीच असते. साऱ्या देशात तुला दुसरा माणूस मिळाला नाही?"

"चांगला सेंटर आहे तो. पोरांना शिकवील."

"काय शिकवील? दुसऱ्याच्या पोराच्या मानगुटीवर कसं बसायचं ते?"

ग्लेन कानापर्यंत लाल झाला. "मला संघ जिंकवायचाय, मिसेस कोस्किनेन."

"मग जिंकव. मी यायची नाही."

आणि खरंच ती गेली नाही. शनिवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात रेडिओ लावी, कणीक मळी, वेलदोड्याच्या गोड पावाच्या वेण्या घाली आणि रेडिओवर ओरडे. सुरुवातीला ऑटर्स हरले तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. मग नोव्हेंबरात वारं फिरलं. शेवटची मिनिटं, एका गोलची आघाडी, आपल्या गोलसमोर फेस-ऑफ. पंचाने पक टाकला की थिबोने तो मागे ओढलाच. समोरच्यांचा मोठा खेळाडू बर्फावर आला की थिबो त्याच्या सावलीसारखा फिरे. ज्यांनी म्हातारा म्हणून नाकं मुरडली होती, तेच लोक आता "रे-जान! रे-जान!" असं ओरडत होते. रेडिओतून ते ऐकून व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकाला जाई. एकदा त्या भरात पाव ओव्हनमध्ये करपला, आणि त्याचाही दोष थिबोच्याच खात्यात गेला.

रविवारी मार्टीचा फोन येई. या विषयावर तिने जीभ आवरून धरली होती, पण एका रविवारी तिच्याने राहवलं नाही.

"तुला सांगितलं का कुणी? तो थिबो आपल्या संघात आलाय."

"ठाऊक आहे," मार्टी म्हणाला. "बरा घेतला. शेवटची मिनिटं सांभाळणारा पाहिजेच होता."

व्हर्नाला वाटलं, फोनच बिघडला. "बरा घेतला? तुझं आयुष्य नासवलं त्याने!"

"आई, त्याने त्याचं काम केलं. नियम सोडून एकदाही हात लावला नाही मला. मी इतका चिडलो होतो की काठी उगारली, तेव्हाही तो नुसता हसला."

"मग गाव का सोडलंस?"

पलीकडे मार्टीने टीव्हीचा आवाज बंद केला.

"तू तिथेच होतीस ना, आई? शेवटचा सामना आपल्याच रिंकवर होता. सामना संपला आणि सगळ्यांनी माझी हुर्यो उडवली. लहानपणी ज्यांच्या अंगणातला बर्फ उपसून द्यायचो ना मी, ती माणसं. 'घरी जा, कोस्किनेन' म्हणत होती. दुसऱ्या दिवशी गिरणीत कुणी माझ्याशी बोललं नाही. बाबांशीसुद्धा नाही. मग कशाला राहायचं?"

"मला वाटलं ते थिबोला ओरडतायत," व्हर्ना म्हणाली.

"नाही, आई."

फोन ठेवल्यावर ती स्टुलावर बसून राहिली. खरंच का तिला तसं वाटलं होतं? तिच्यासारखी बाई, जिला बसच्या शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकू यायची! ऐकलं होतं तिने. फक्त ते आपल्याच माणसांचे आवाज आहेत असं मानायला मन तयार नव्हतं. टोइवो तेव्हा तिच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. मरेपर्यंत त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. इतकी वर्षं ती याच लोकांबरोबर कॉफी पीत होती. थिबोवर राग धरणं सोपं होतं. तो नदीपलीकडचा होता.

मार्चमध्ये बाद फेरीचा निर्णायक सामना लागला. व्हर्नाने कोट घातला आणि ती रिंकवर गेली. लोक सरकून बसले, कुणी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मागच्याच ओळीत ओरेस्त होता.

"आलीस बाई एकदाची! बघ, तुझा थिबो कसा खेळतोय ते."

"माझा नाही तो," ती म्हणाली.

थिबो खरंच चांगला खेळत होता. तिला ते कबूल करावं लागलं, आणि कबूल करताना दात आवळावे लागले. त्याचा डावा गुडघा नीट वाकत नव्हता, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. तरी तो प्रत्येक वेळी मागे धावत येत होता. बरोबरी झाली होती. शेवटचं मिनिट. ऑटर्सच्या गोलसमोर फेस-ऑफ. पंचाने पक टाकला, थिबोचा पाय घसरला, समोरच्या पोराने पक ओढून मागे दिला आणि क्षणात तो जाळ्यात होता.

मग वरून कुणीतरी शीळ घातली. मग दुसऱ्याने. "म्हातारड्या!" "लॉझन मिल्सचा हेर!" काही क्षणांत सगळ्या पायऱ्या हुर्यो उडवत होत्या. थिबो काठीवर वाकून बर्फाकडे पाहत उभा होता. आणि व्हर्नाच्या पाठीमागून, अगदी कानाशी, ओरेस्तचा आवाज आला, "घरी जा, थिबो! घरी जा!"

व्हर्ना उठली आणि मागे वळली.

"गप्प बसा!"

बसच्या दिवसांतला तो आवाज. निम्म्या गावाने लहानपणी तो ऐकलेला होता. माणसं खरोखर गप्प बसली.

"लाज नाही वाटत? नोव्हेंबरपासून या माणसाच्या जिवावर नाचताय. त्याच्या नावाने घसा फोडताय. एक पाय घसरला तर हेर झाला?"

"अगं, तूच तर त्याला सगळ्यात जास्त शिव्या देत होतीस!" ओरेस्त म्हणाला.

"देत होते आणि देईन! माझं भांडण आहे त्याच्याशी, ते मी त्याच्या तोंडावर भांडेन. पण तो आपल्या गावचा सदरा घालून तुमच्यासाठी पडतोय-उठतोय, आणि तुम्ही त्याच्या पाठीवर थुंकताय? माझ्या मार्टीलाही असंच केलंत. याच पायऱ्या होत्या. आणि हेच तोंड होतं, ओरेस्त, तुझं! माझ्या नवऱ्याचा मित्र म्हणवतोस!"

काही जण खाली बघायला लागले. वरून पुन्हा एक शीळ आली, पण एकटीच आली आणि विरली. सामना ऑटर्स हरले. हंगाम संपला.

बाहेर गाड्यांच्या मैदानात थिबो बॅग खांद्यावर टाकून लंगडत चालला होता. तिला पाहून तो थांबला.

"मादाम कोस्किनेन? मी ऐकलं ते. सगळ्यांनीच ऐकलं. मी आभार..."

"आभार मानू नकोस. तुझ्यासाठी नाही बोलले मी."

"ठीक." त्याने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुमचा मुलगा मात्र..."

"माझा मुलगा कसा खेळायचा ते मला सांगू नकोस. मला माहीत आहे."

"मी ते सांगत नव्हतो. मी म्हणत होतो, त्याला माझा नमस्कार सांगा."

"त्या गुडघ्याला बर्फ लाव," व्हर्ना म्हणाली आणि गाडीत बसली.

पुढचे काही आठवडे मर्लीनच्या दुकानात ओरेस्त दुसऱ्या टेबलावर बसत होता. कुणी हॉकीचा विषय काढला की तो खिडकीबाहेर बघायचा. एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ फुटायला लागला, त्या सुमाराला एका सकाळी तो आपला कप घेऊन तिच्या समोर येऊन बसला.

"मी ओरडायला नको होतं."

"कधी? यंदा की तेव्हा?"

ओरेस्तने बराच वेळ कॉफी ढवळली. त्यात साखरही घातली नव्हती त्याने.

"दोन्ही वेळी."

"असू दे," असं व्हर्ना म्हणाली नाही. ते म्हणणं तिच्या हातात नव्हतंच. तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

"मला काय सांगतोस? त्याला सांग."

ओरेस्तने फोन असा धरला जसा काही तो हातात फुटणार होता. घंटी वाजत होती. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"हॅलो, मार्टी? अरे, मी ओरेस्त बोलतोय. ओरेस्तकाका."

व्हर्ना उठून बाहेर गेली आणि दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. काचेतून त्याचे हलणारे ओठ दिसत होते, मग ते थांबले, आणि मग तो नुसता ऐकत होता, मान हलवत. त्यांचं काय बोलणं झालं ते तिने ना त्याला विचारलं ना मार्टीला. पण त्या ऑगस्टमध्ये मार्टी आठ दिवस घरी आला, आणि ओरेस्तच्या होडीतून मासे धरायला गेला. दोघांनी काहीच पकडलं नाही, असं नंतर मर्लीन म्हणाली.

सप्टेंबरमध्ये ग्लेनने थिबोला आणखी एका हंगामासाठी ठेवलं. बातमी कळताच व्हर्ना पुन्हा हार्डवेअरच्या दुकानात गेली, कारण थिबोचा तो न वाकणारा गुडघा ज्याला दिसला नाही त्याला संघ चालवायचा काय हक्क आहे, हे तिला ग्लेनकडून जाणून घ्यायचं होतं.