ओल्या भिंतीची खोली

सिंगापुरात, चोआ चू कांगच्या आमच्या इमारतीला सध्या रंग देताहेत, आणि लिफ्टमधून बाहेर पडलं की त्या वासाने मला पॉलिटेक्निकमधली ती खोली आठवते. सैन्यातली नोकरी सोडून तिशीत पुन्हा शिकायला आलेल्यांसाठी ती होती. भिंतींना ओल, खुर्च्या मोडक्या. देणगी देणाऱ्या संस्थेच्या बाई पाहणीला येणार होत्या. मी या विद्यार्थ्यांना गणित शिकवायचे. त्यांना बजावलं होतं, खोली आहे तशीच दिसू द्या, म्हणजे गरज कळेल. पण पाहणी म्हटल्यावर या मंडळींना राहवतंय थोडंच. सकाळी बघते तर भिंती पांढऱ्याशुभ्र, खुर्च्या ठोकून एका रेषेत. मी कपाळाला हात लावला. बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" विद्यार्थ्यांतला वयाने सगळ्यात मोठा ताठ उभा राहून म्हणाला, "एव्हरीथिंग ओके लाह, मॅडम." झालं, गेली देणगी, असं मला वाटलं. तेवढ्यात बाईंनी भिंतीला हात टेकला आणि त्यांची बोटं पांढरी झाली. "हे कधी केलंत?" "काल, मॅडम." "आणि परीक्षा कधी आहे?" तो खाली बघत म्हणाला, "आज दुपारी." बाईंनी बोटं न पुसताच माझ्याकडून देणगीचा अर्ज घेतला आणि सही केली, सहीशेजारी पांढरा ठसा उमटला. आज घरी येताना मी आमच्या ओल्या भिंतीला मुद्दाम बोट लावून पाहिलं.