भीती वाटल्यास पैसे परत

अक्षर वेडंवाकडं आहे, र्‍हस्वदीर्घही चुकतील. चौथीनंतर शाळा सुटली. सांभाळून घ्या.

"चेहरा धवळा पडी गया तुना. ले तुना पैसा, घर जाय." नाना असं म्हणायचे आणि तिकिटाचे दोन रुपये हातात ठेवायचे.

नरडाण्यात स्टेशनजवळ त्यांचं व्हिडिओचं दुकान होतं. पत्र्याची खोली, बाकडी, एक टीव्ही. मी तिथं झाडायची. आधी देवादिकांचे सिनेमे लागायचे. मग ते नवे आले. त्यांत भूत नसायचंच. माणूसच माणसाला कापायचा, आणि सगळं दाखवायचे. गर्दी दुप्पट झाली. देवळापर्यंत किंकाळ्या ऐकू येतात म्हणून गावात कुरबुरही सुरू झाली.

नाना स्वतः एकही सिनेमा बघत नसत. टीव्हीला पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसायचे. कोण घाबरलं ते त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. असा दुकानदार तुम्ही कुठं पाहिलाय का?

एकदा एक नवी सून नवऱ्याबरोबर आली. मी दारातच झाडत होते. नाना आडवे झाले. "बेन, पोटमा लेकरू शे. मझार जाऊ नको."

नवरा हसला. "नाना, आम्ही काय धाकला पोरे शेतस का?" आणि तिला घेऊन आत गेला.

ती बाकड्यावरून कोसळली तेव्हा पाणी घेऊन नानाच आधी धावले. चार दिवसांनी तिचं मूल गेलं.

मग बायका केरसुण्या घेऊन आल्या. टीव्ही रस्त्यावर आला. सरपंचांनी मला विचारलं, "बाई, तू दारात होतीस. यानं तिला अडवलं होतं का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघत राहिले.

नानाच म्हणाले, "जाऊ द्या. ती लाजाळू शे, तिले नका इचारा."

दुकान बंद झालं. पुढच्या खेळाची तिकिटं ज्यांनी आधीच घेतली होती, त्यांचे पैसे नानांनी घरोघर जाऊन दिले. शेवटी त्या सुनेचे पैसे घेऊन माझ्याकडे आले. "ह्या दोन रुपया तिना हातमा दे. मी गऊ ते तिना घरना लोके मारतीन." मग ते धुळ्याला गेले.

नाणी डब्यात राहिली. घरात मीठ नव्हतं तेव्हाही मी ती मोडली नाहीत. पण तिच्या दारापर्यंत जाऊन कितीदा तरी परत आले.

गेल्या महिन्यात कळलं, नाना धुळ्यात वारले. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारी गेले आणि एका दमात बोलून टाकलं, "नानांनी तुला अडवलं होतं. मी ऐकलं होतं. मी सांगितलं नाही."

ती पायरीवर बसली. "मले ठाऊक शे, अक्का. मनंबी तोंड उघडनं नही."

मीही तिच्याशेजारी बसले. मग तिनं हात पुढे केला, मी दोन्ही नाणी ठेवली. नानांकडे आता कोणाचं काही राहिलं नाही.