रतनची तीन अक्षरं

कुठली मशीन घ्यावी असा प्रश्न पडला, की ठाण्या-डोंबिवलीचे टॅटूवाले विठ्ठलवाडीला साईनाथकडे यायचे. रोटरी मशीन तो स्वतः जुळवायचा. मोटर फिरते, तिच्यावरची चकती सुईला वर-खाली नाचवते. सुई जेवढी खाली-वर होते, तो तिचा स्ट्रोक.

"तरण्या कातडीवर जाड रेघ मारायचीये? चार मिलिमीटर नि दमदार मोटर. म्हातारं माणूस असलं तर अडीच, मोटर पण शांत. उलटं केलंस तर शाई आत पसरणार, मग बस बोंबलत!" असं तो नव्या पोरांना दटावायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

त्याच्या आईच्या, जाईबाईच्या हातावर जत्रेत गोंदलेलं नाव होतं, रतन. साईनाथची थोरली बहीण. चार वर्षांची असताना तापानं गेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही. जाईबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ही तीन अक्षरं तिनं शिकून घेतली होती. रोज दुपारी एकेकावर बोट ठेवून ती म्हणायची, र, त, न. आता ती अक्षरं पुसट झाली होती.

"सोनंनाणं इथंच राहतं रे, गोंदण तेवढं बरोबर येतं," ती म्हणाली. "काळं करून दे. वर गेल्यावर रतननं मला ओळखायला नको का?"

आईला साधी मशीन कशी लावायची? साईनाथनं आपली सगळ्यात दमदार मशीन काढली, चार मिलिमीटरची. एका फटक्यात रेघ गडद होईल, म्हातारीला फार वेळ सोसावं लागणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. पंच्याहत्तरीची ती कातडी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. पहिल्याच अक्षराला काळी शाई आत निळी होऊन पसरताना त्याला दिसली. तिथंच थांबायला हवं होतं. पण आई डोळे मिटून "र" म्हणाली नि "त"ची वाट बघत राहिली. त्याच्यानं थांबवेना.

तीन आठवड्यांनी खपल्या पडल्या. खाली नुसता निळा डाग.

दुपारी जाईबाईनं सवयीनं बोट ठेवलं. सरकवलं, परत मागे आणलं.

"साई, त कुठंय रे?"

त्यानं तिचं बोट धरून डागावर कुठंतरी टेकवलं. "हा बघ, हितं."

तिनं बोट तसंच ठेवलं. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली नि हळूच म्हणाली, "हां. दिसला."